दुसऱ्या हॉर्नचे सूर

बाबा, तुम्ही मला कधी शाबासकी दिली नाहीत. तक्रार म्हणून नाही लिहीत. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तक्रार करायची तरी कुणाकडे? पण लग्न होईपर्यंत तुमच्या प्रत्येक कार्यक्रमात मागे तंबोरा घेऊन मीच बसायचे. गाणं संपलं की तुम्ही तबलजीची पाठ थोपटायचात आणि मला "चल" म्हणायचात.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. तुम्ही सिंगापूरला आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटवर आला होतात. तुमच्या नातीच्या शाळेचा ऑर्केस्ट्रा एक जुनी सिम्फनी वाजवणार होता. पुढे व्हायोलिनांची फौज, मागे फुंकून वाजवायची वाद्यं, दोन ओबो, दोन हॉर्न; त्यातला दुसरा हॉर्न आपल्या बाईसाहेबांचा. पहिल्या भागात सुरुवातीची धून बरीच भटकून मूळ सुरात परतली आणि तुम्ही भर हॉलमध्ये मांडीवर थाप मारून ओरडलात, "वा! काय आली मुखड्यावर!" पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा भाग संथ, त्यात हॉर्नना कामच नाही. पोरगी वाद्य मांडीवर घेऊन खाली बघत बसलेली. तिसरा नाचाच्या ठेक्यातला, चौथा सुसाट, पण तुमच्याकडे तिने शेवटपर्यंत पाहिलं नाही.

घरी आल्यावर भडका उडाला. "आजोबा, कॅनॉट शाउट लाह!"

"चांगलं झालं तर बोलायचं नाही? मग वाजवतात कशाला?"

"माझं काय चांगलं होतं? सगळा वेळ दोनच सूर. मी सोडणारे हॉर्न."

"कुठले दोन? वाजव बघू."

ती रागारागाने वाजवते. लांबलचक, सपाट सूर. तुम्ही डोळे मिटता. "अगं, हे तर सा आणि प! तंबोराच की हा!" आणि तिच्या सुरावर तुम्ही गायला लागता. मग म्हणता, "ते व्हायोलिनवाले हुंदडतात ना, ते तुझ्या जिवावर. मागचा सूर हलला तर पुढचा उघडा पडतो. शाब्बास, बाळा."

मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. तुमची पाठ माझ्याकडे होती. वळाल म्हणून मी लाटणं धरून उभी राहिले. तुम्ही तिला पुन्हा सा धरायला सांगितलंत.

तिने हॉर्न सोडला नाही. आजोबा-नातीचा हा किस्सा मी चारचौघांत हसत सांगते, लोकांना फार गोड वाटतो. हे पत्र काही कुठे जायचं नाही, म्हणून लिहून टाकते. त्या दिवशी मला माझ्या पोटच्या पोरीचा हेवा वाटला, बाबा. अजून वाटतो.