ओयेवुमींच्या घराची बिरुदावली

इलुजू,
११ जानेवारी १९९६

तीर्थरूप दादांच्या पायाशी तोलाचा साष्टांग नमस्कार.

आई बरी आहे. धुळीच्या वाऱ्याने खोकला वाढला आहे, बोलणे मात्र कमी झालेले नाही. तुम्ही लंडनहून पाठवलेल्या चाळीस कॅसेटी मिळाल्या. मी प्रत्येक वाजवून पाहिली, एकही खराब नव्हती. तुमच्या वाद्यवृंदाने तिकडच्या समारंभांत वाजवून आमच्या शाळेला छप्पर दिले, हे मोटारतळावरची पोरेही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

आता जे लिहायचे आहे ते तीनदा खोडून पुन्हा लिहीत आहे. काल सकाळी शाळेच्या दारावर ताडाची कोवळी झावळी, मनाईची खूण, आडवी बांधलेली दिसली. ती ओलांडायची कोणाची छाती होणार? मुख्याध्यापक अकानबी सर बाहेरगावचे, पण तेही छत्री मिटून मागे फिरले. झावळी ओयेवुमी प्रमुखांनी बांधली आहे. जागा त्यांची, आणि तीही तोंडी दिलेली.

कारण तुमची कॅसेट. दुसऱ्या बाजूला तुमचा बोलता ढोल कोणा बोलारिन्वा नावाच्या गृहस्थांना म्हणतो की, ज्याच्या अंगणात येऊन गावाने वाट विचारावी त्या पुरुषाचा हा नातू. दादा, ही ओयेवुमींच्या घराची बिरुदावली आहे. बाबांनी जन्मभर रोज पहाटे ती त्यांच्याच दारात वाजवली. प्रमुखांनी ती न्हाव्याच्या दुकानात ऐकली. अर्धे डोके झाले होते, तसेच उठून ते घरी गेले. घरी जाऊन म्हणाले की मी अजून जिवंत आहे, मग माझ्या घराची वाटणी लंडनमध्ये कोणी केली?

चौदा मार्चला शिक्षण खात्याचे अधिकारी तपासणीला येणार आहेत. दार बंद दिसले तर शाळेचे नाव यादीतून जाईल आणि यंदाच्या एकोणीस मुलांना माध्यमिकच्या प्रवेश परीक्षेला बसता येणार नाही. बाबा गेल्यावर माझी शाळा अर्ध्यावर सुटली. अर्ध्यावर सुटणे म्हणजे काय ते मी जाणतो. काय करू ते लगेच कळवावे.

आपल्या मायेवर जगणारा,
अयानतोला


लंडन,
२८ जानेवारी १९९६

चि. तोलास दादाचे अनेक आशीर्वाद. आईला माझ्या वतीने लोटांगण घाल, आणि कपडे मळतील म्हणून कुरकुरू नकोस.

तुझे पत्र वाचून आधी अर्ध्या हजामतीवर पोटभर हसलो. झावळीचे वाचले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचले.

झाले ते असे. बोलारिन्वांचा पन्नासावा वाढदिवस होता. माणूस लाखात एक. आमच्या कपाळांवर नोटा चिकटवता चिकटवता पाहुण्यांनाही ओरडून सांगत होता की हे शाळेसाठी आहे, हात आखडू नका. मग माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, अयानच्या पोरा, ढोल बोलवणाऱ्या कुळातला तू, आता माझ्या घराण्याचे सांग. त्याचे घराणे इजेबूकडचे. त्यांचे मला एक अक्षर येत नाही. भर सभेत ढोल गप्प ठेवू? हात आपोआप बाबांनी पहिल्यांदा शिकवलेल्या ओळींकडे गेले. तो ढसाढसा रडला आणि छपराचे सगळे पत्रे एकट्याने देतो म्हणाला. तेव्हा मुलांच्या डोक्यावर जे छप्पर आहे, ते याच चुकीचे आहे.

अकरा वर्षे इथे काढली की कोणती ओळ कोणाच्या दाराची हे हात विसरतात. चूक माझी, तुझी नाही. तू कॅसेटी परत गोळा कर. इथे असलेला आपल्या गावचा फेमी पुढच्या आठवड्यात गावी येतो आहे, त्याच्यासोबत दुसरी कॅसेट पाठवतो. तीत प्रमुखांची बिरुदावली त्यांच्याच नावाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली आहे आणि माफीही मागितली आहे. ती त्यांना ऐकव. आणि इतकी काळजी करू नकोस, केस गळाले तर तुला मुलगी कोण देईल?

तुझ्या काळजीतला वाटेकरी,
अयानदोकुन


इलुजू,
१२ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप दादांस तोलाचा साष्टांग नमस्कार.

पत्र आणि कॅसेट दोन्ही मिळाली. चाळीसपैकी सदतीस कॅसेटी परत आणल्या. दोन इबादानला गेल्या आहेत. तिसरी न्हावी देत नाही. म्हणतो, या कॅसेटीमुळे गिऱ्हाईक दुप्पट झाले, तुझ्या भावाला आणखी एक भांडण लावायला सांग.

नवी कॅसेट घेऊन मी प्रमुखांकडे गेलो. टेप-रेकॉर्डर तिपाईवर ठेवला. त्यांनी तो वाजवूच दिला नाही. बराच वेळ त्याच्याकडे पाहून त्यांनी मला विचारले की या पेटीला गुडघे आहेत का. मी नाही म्हणालो. मग ही लोटांगण कशी घालणार, म्हणाले. अयानच्या रक्ताच्या माणसाने दारात उभे राहून, सगळ्या घरासमोर, ज्याचे त्याला परत करायचे, तरच झावळी सुटेल.

आई म्हणते दोकुनला बोलाव, आजच तार कर. मी तिला समजावले की तुमचा तिथे राहण्याचा अर्ज चार वर्षे सरकारात पडून आहे आणि निकालाआधी देश सोडला तर तो रद्द होऊन परतीचे दार कायमचे बंद होईल. ती म्हणाली, कागदाला आई नसते.

पण दादा, येऊ नका. तुम्ही आलात तर झावळी सुटेल, आणि शाळा दुसऱ्या वाटेने बंद पडेल. तिन्ही शिक्षकांचा पगार तुमच्या ढोलावर चालतो. मुले सध्या मोटारतळाच्या शेडमध्ये बसतात. गणित चालू असताना वाहक गावांची नावे ओरडतात, त्यामुळे लहान मुले बेरजेच्या जागी ओग्बोमोशो लिहून ठेवतात. अकानबी सरांना दुसऱ्या शाळेने बोलावले आहे. त्यांनी मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वाट पाहतो म्हटले आहे. सरांनी मला हे हसत सांगितले, पण डोळे हसत नव्हते.

नवी कॅसेट मी स्वतःजवळच ठेवली आहे. रोज ऐकतो. झोप लागत नाही.

आपला आधार मागणारा,
अयानतोला


लंडन,
२७ फेब्रुवारी १९९६

चि. तोलास आशीर्वाद.

आज तुझे पत्र आले आणि आजच मी तिकीट काढले. दहा मार्चचे विमान आहे. बारापर्यंत इलुजूत पोहोचतो, तपासणीच्या दोन दिवस आधी. आईला सांगू नकोस, नाहीतर ती आजपासून यामचे कंद कुटायला बसेल.

वकिलांनी पुष्कळ समजावले. त्यांच्या टेबलावर माझ्या कागदांचा गठ्ठा आहे, त्यावर हात ठेवून म्हणाले की विमान उडाले की हा रद्दी. मी म्हणालो, एकोणीस मुलांपेक्षा जड नाही. तोंडाने म्हणालो खरा, पण बाहेर येऊन बसथांब्यावर तीन बस सोडल्या.

वाद्यवृंद ट्रम्पेट वाजवणाऱ्या सेगुनवर सोपवतो आहे. पोरगा गुणी आहे. पण त्याचे ट्रम्पेट कोणाचे नाव घेऊ शकत नाही, आणि नाव घेतल्याशिवाय आपली माणसे खिशात हात घालत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. शिक्षकांचे पुढे कसे होईल ते तिथे आल्यावर बसून ठरवू. मी पुन्हा दारोदार वाजवीन.

एकच सांगतो. हे पत्र कदाचित माझ्या मागूनच पोहोचेल, तरी जायच्या आधी तुझ्याकडून तारेने वेगळे काही कळले तर तिकीट परत करीन. नाही कळले तर मी निघालो असे धर.

लवकरच समोर उभा राहणारा,
अयानदोकुन


इलुजू,
५ मार्च १९९६

तीर्थरूप दादांस तोलाचा साष्टांग नमस्कार, आणि या वेळी आनंदाने.

झावळी सुटली! आधी हे लिहितो, मग बाकीचे.

तुम्हाला न विचारता मी एक केले. बाबांचा ढोल उतरवला आणि तुमची कॅसेट लावून कसाव्याच्या शेतामागे अठरा दिवस शिकलो. बाबांनी तुम्हाला ढोल दिला आणि मला दप्तर, त्यामुळे हात लाकडासारखे. आई दोनदा ऐकायला आली आणि दोन्ही वेळा तोंडाला पदर लावून परत गेली. पण रक्त अयानचेच ना, असे मनाशी म्हणत होतो.

काल पहाटे प्रमुखांच्या दारात उभा राहिलो. तीन ओळी नीट गेल्या. चौथीला हात थांबले. काही केल्या पुढचे आठवेना. दादा, मला वाटले एकोणीस मुले माझ्या हातावर येऊन बसली आहेत. इतक्यात आतून त्या घरातल्या थोरल्या सासूबाईंचा आवाज आला. त्यांनी ती ओळ म्हटली, मग दुसऱ्या सुनेने पुढची, आणि मग घरातल्या सगळ्या बायका. मी नुसता त्यांच्या मागे मागे वाजवत गेलो.

प्रमुख दातवण चघळत बाहेर आले. म्हणाले, यामच्या शेतातून शेळी हाकलावी तसा वाजवतोस. मी लोटांगणात होतो, वर पाहायची हिंमत नव्हती. मग म्हणाले, रोज ये, शेळी जाईपर्यंत ये. आणि स्वतः चालत जाऊन झावळी सोडली.

तुमच्यासाठी निरोप आहे. म्हणाले, थोरल्याला सांग, तिथेच राहा, पण ज्यांचे खातोस त्यांची बिरुदावली शीक. कोणीतरी शाळेच्या खडूला जेवायला घातले पाहिजे.

अकानबी सर राहिले. ते विचारत होते की पगाराचे पुढे काय. मी तुमच्या वतीने शब्द दिला की दादा लंडनमध्ये आहेत तोवर एक महिनाही चुकणार नाही. माझ्या शब्दावर त्यांनी दुसऱ्या शाळेला नकार लिहून टाकला, मीच तो टपालात टाकला.

मागच्या पत्राला तुमचे उत्तर अजून आलेले नाही, आणि हे तुमच्या हाती पडायला पंधरा दिवस लागतील. तोवर तपासणीही उरकलेली असेल. तार करणार होतो, पण तार म्हटले की माणूस आधी घाबरतो, आणि आता घाबरायचे काही उरलेले नाही. तुम्ही निवांत असा आणि आहात तिथेच राहा.

तुमच्या मायेत कधी खंड पडू नये एवढेच मागणारा,
अयानतोला