पांढऱ्या दोऱ्याच्या पेट्या

शके १८१९, आश्विन व. ६
आजपासून ताईसाहेबांच्या दिवाणखान्यात पेट्या भरायला जाते. गाठीच्या तापात आईबाप गेलेली पोरं परळच्या आश्रमात आहेत, त्यांची दिवाळी. लाडू, करंज्या, उटणं, शाल. मुलग्यांना भोवरा, मुलींना बांगड्या नि कुंकवाची पुडी. बांगड्यांची टोपली माझ्या ताब्यात. पेटीला दोरा बांधायला शेजारच्या चाळीतल्या गोदूताई. विधवा, भावाकडे असतात. दिवसभरात तोंडातून शब्द नाही. न बोलणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही.
घरी उशीर. हे म्हणाले, "पोरांना लाडू नि आम्हांला कालची भाकरी." ऐकलं न ऐकलं केलं.

व. ७
ता.सा.नी तीन पेट्या बाजूला काढल्या. "ह्या तिघींना बांगडी-कुंकू नको गं. पांढरा दोरा बांधा, म्हणजे घोटाळा नको." तिघींचे नवरेही तापातच गेले. थोरली अकरा वर्षांची. पेट्या भरणाऱ्या सगळ्या म्हणाल्या, चालायचंच. मीही मान डोलावली. गोदूताईंनी दोरा बांधला.

व. ८
टोपलीतल्या हिरव्या बांगड्या डझनभर कमी. दोनदा बघितलं. टोपली माझी, म्हणजे बोट माझ्याकडेच. गो. माझ्या उजव्या हाताला बसतात. पदराखाली काय वाट्टेल ते मावतं, आणि विधवेला बांगड्या कशाला म्हणून कोणी बघायचंही नाही. भावाला मुलगी आहे मात्र.
यांना सांगितलं. "डोळ्यांनी पाहिलंस का?" कोर्टातले कारकून, यांना भूक लागली तरी साक्षीदार लागतो.

व. ९
मुद्दाम त्या चाळीवरून गेले. नळावर गो.ची भाची. हातात नव्याकोऱ्या हिरव्या बांगड्या! कोणी दिल्या विचारलं तर लाजून पळाली. आणखी काय पाहिजे?
ता.सा.ना सांगून टाकलं. नाव नाही घेतलं. टोपलीजवळ कोण बसतं तेवढं बघा, म्हटलं. म्हणजे घेतलंच की नाव.

व. १०
गो. आल्या नाहीत. ता.सा.नी भावाला निरोप धाडला होता. वहिनीने चाळीदेखत त्यांचं गाठोडं सोडलं म्हणे. आत दोन लुगडी नि जपाची माळ. भाचीच्या बांगड्या आजोळच्या निघाल्या. तरी भाऊ म्हणतो, नाव घालवणारी बाई घरात नको, पाडव्याच्या आगबोटीने गुहागरला, सासरी. तिथे एक चुलत दीर, आणि तोही कसला, सगळ्यांना ठाऊक.
बायका म्हणतात, विकल्या असतील. असतील. नाहीतर गेल्या कुठे?

व. ११
दोरा बांधायचं काम आता माझ्याकडे. पांढऱ्या दोऱ्याची एक पेटी सरकवली तर आत किणकिणलं. लाडू काही वाजत नाहीत. सगळ्या चहाला आत गेल्यावर सोडली. शालीच्या घडीत चार बांगड्या, कुंकवाची पुडी. दुसरीत तेच, तिसरीत तेच.
मेलीच्या जिभेला हाड नाही माझ्या. एका बाईचं घर घालवलं मी.
तिन्ही होत्या तशा बांधून ठेवल्या.

व. १२
खरं सांगितलं तर गो. चोर ठरत नाहीत, पण या बायकांच्या लेखी हे चोरीहून वाईट. शिवाय बांगड्या काढून घेतील. नाही सांगितलं तर पाडव्याची बोट.
गेले त्यांच्याकडे. मागच्या गॅलरीत तांदूळ निवडत होत्या.
म्हटलं, "गोदूताई, मी पेट्या उघडल्या."
हात थांबला नाही. "परत बांधल्यात?"
"हो. पण मी जाऊन सांगते, चोरी नाही म्हणून..."
"पोरींच्या हातात पडेपर्यंत गप्प बसा. तेवढं जमेल ना तुम्हांला?"
वर बघितलंसुद्धा नाही. बघायचं तरी कशाला माझ्याकडे.

व. १३
वाटप झालं. गाडीत त्या तीन पेट्या मी मांडीवर घेतल्या. समोर ता.सा. भायखळ्यापुढे रस्ता खराब, प्रत्येक खड्ड्याला आत किणकिण.
"काय वाजतंय गं?"
"माझ्याच," म्हटलं नि हात हलवून दाखवला. विश्वास बसला की नाही कोण जाणे. माझ्या हाताकडे बराच वेळ बघत होत्या.
थोरलीने तिथे पेटी उघडली नाही. पोटाशी धरून आत गेली. आता पोरींच्या हातात पडल्या, म्हणजे सांगायला मोकळी. पण सांगितलं की ता.सा. उद्याच परळला माणूस धाडून त्या बांगड्या उतरवतील, पोरी रडोत नाहीतर काही होवो.
यांना सगळं सांगितलं, गो.चं नाव मीच घेतलं तेही. सुपारी कातरायची थांबवून म्हणाले, "बोट सुटेपर्यंत वेळ आहे."
संध्याकाळपासून ताईसाहेबांच्या जिन्यापर्यंत दोनदा जाऊन परत आले.