कॉस्मेटिक नाही, साहेब

३ मार्च
क्षिप्राच्या लाईट ट्रीटमेंटचा क्लेम रिजेक्ट. कारण काय, तर म्हणे कॉस्मेटिक! अरे, कोड म्हणजे काय लिपस्टिक आहे? पोरगी म्हणते, सोडा ना पप्पा, मला डागांचं टेन्शन नाही. वेडी आहे. हातभर डाग, आणि बिनधास्त स्लीव्हलेस घालून खारघरला ऑफिसात जाते.

४ मार्च, सकाळी ७
अपील मीच लिहिणार. पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत बत्तीस वर्षं पत्रं लिहिली, साहेबाने कधी कॉमा हलवला नाही. इन्शुरन्सवाल्यांना पाणी पाजतो. आजच.

११ मार्च
काल मॅच होती. आज पाठ धरली.

१९ मार्च
अपील गेलं! नुसता आजार लिहून भागत नाही, आयुष्याची वाट लागली हे दाखवावं लागतं. मला टायपिंग येत नाही, म्हणून क्षिप्रालाच बसवलं. मी सांगत गेलो. मुद्दा तीन: डाग बघून दोन स्थळं परत गेली. (तिला पत्रिका जुळली नाही असं सांगितलं होतं.) मुद्दा पाच: भावाच्या, निखिलच्या लग्नात फोटोत येऊ नये म्हणून आत दागिन्यांच्या बॅगेपाशी बसवावं लागलं. (तेव्हा म्हटलं होतं, बॅगेपाशी विश्वासाचं माणूस लागतं.) इथे थांबली. हे खरं आहे का पप्पा, विचारलं. म्हटलं, अगं, अपिलात खोटं लिहून चालतं का? मग टाईप केलं. एक चूक नाही. शेवटी पोरगी कोणाची!

२ एप्रिल
क्षिप्रा गप्प गप्प. ऑफिसात काम वाढलं असणार. हल्ली फुल हाताचे कुर्ते, गळ्याभोवती ओढणी. तिच्या आईने, वैजयंतीने विचारलं, उकडत नाही का गं? एसी फार असतो म्हणाली. बरोबर आहे.

१४ मे
क्लेम पास!! पेढे आणले. क्षिप्राने अर्धा खाल्ला, अभिनंदन पप्पा म्हणाली. वैजयंतीने पेढ्याला हातही लावला नाही. शुगर असेल.

१८ मे
निखिलच्या मुलीचं बारसं. फोटोसाठी मी स्वतः माईकवरून क्षिप्राला बोलावलं. आत्या हवीच, मधोमध. तीनदा हाक मारली. आली नाही.

आत गेलो. खोलीत दागिन्यांची बॅग मांडीवर घेऊन बसली होती. वर न बघता म्हणाली, विश्वासाचं माणूस लागतं ना पप्पा.

बाहेर फोटो झाला. मी तिच्याशेजारी खाली बसलो. फार रडू आलं. काहीतरी बोलायला हवं होतं. बत्तीस वर्षं पत्रं लिहिली, पोरीला सांगायला एक वाक्य सुचलं नाही.