घरी काय म्हणतात

बुधवार, संध्याकाळ

मेंदूच्या आयसीयूतलं शिक्षण सुरू होऊन दोन महिने झाले, आणि आज साधी हाक चुकली. सकाळपासून दर तासाला मी ओरडत होते, "मल्लिनाथ, डोळे उघडा." तक्त्यात लिहिलं, हाकेला प्रतिसाद नाही. दुपारी त्यांची बायको आत आली. ती नवऱ्याचं नाव घेत नाही. कानाशी वाकून म्हणाली, "अवो, हितं बघा की." त्यांनी डोळे उघडले.

सर एवढंच म्हणाले, "घरी काय हाक मारतात, ते आधी विचारायचं."

खोलीवर आल्यापासून तेच डोक्यात. मी अशी बेशुद्ध पडले तर? इथे सोलापुरात घरचं कुणी नाही, मी सगळ्यांची मॅडम. कुणाला विचारतील?

शेवटी या वहीच्या पहिल्या पानावर, नावाखाली लिहून ठेवलं: घरी छबू म्हणतात.