स्वस्तातले दिवे आणि धाकटा जावई

आदरणीय साडूसाहेब,

धाकट्या साडूचा नमस्कार. वाकून केला आहे असं समजावं, कारण खरोखर वाकलं तर कंबर तिथेच अडकते. आपलं पित्त कसं आहे? ताईंचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळं ठीक. सासरेबुवांची तब्येत तर इतकी ठणठणीत आहे की आम्हाला आमच्या तब्येतीची काळजी वाटते.

आठवत असेल, फर्निचरचं दुकान या जुन्या गोदामात हलवलं तेव्हा दिवे कोणते लावायचे ते सासरेबुवांनी सगळ्यांना विचारलं होतं. (सगळ्यांना म्हणजे आपल्याला. मी तेव्हा ताटं वाढत होतो.) छत एवढं उंच की वरची जळमटं खालून दिसतसुद्धा नाहीत. वायरमन बिचारा सांगत होता, एलईडी महाग पडतील, पण वर्षानुवर्षं कुणाला वर चढायला नको. त्यावर आपण तोंडातला घासही न गिळता म्हणालात, की उजेड तो उजेड, स्वस्तातला काय आणि महागातला काय. झालं. थोरल्या जावयाचा शब्द पडला.

तरी खात्री करावी म्हणून सासरेबुवांनी तुलना केली. एका ओळीत कुठल्याशा कारखान्यातून काढलेले मोठे पिवळे दिवे, दुसरीत ट्यूबलाइटी, तिसरीत नमुन्याचे एलईडी, आणि प्रत्येकीखाली एकाच राखाडी कापडाचा सोफा. पिवळे दिवे नीट पेटेपर्यंत चहा पिऊन होतो (वीज जाऊन आली की दुसरा चहा). ट्यूबलाइटीचा उजेड खाली पोचेपर्यंत दमतो. सोफा पिवळ्याखाली तपकिरी दिसला, ट्यूबखाली हिरवट आणि एलईडीखाली राखाडी. एका बाईंनी तपकिरी पसंत केला, घरी राखाडी पोचला आणि त्या सोफ्यासकट परत आल्या. कुणीही शहाणा म्हणेल, एलईडी घ्या. सासरेबुवा म्हणाले, वा, एकाच सोफ्यात इतके रंग दाखवता येतात, माल कमी ठेवला तरी चालेल. नमुन्याचे एलईडी त्याच दिवशी परत गेले, पिवळे आणि ट्यूबलाइटी राहिल्या.

मग दिवे जायला लागले. दिवा स्वस्त, पण त्याच्यापर्यंत पोचणं महाग. माणसाला वर उचलणारी गाडी भाड्याने आणायची, कपाटं सरकवायची, तोवर दुकान बंद. पहिलं बिल पाहून सासरेबुवा जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं, की दिवा गेला तर दिवा बदलायचा नाही, माल हलवायचा. तेव्हापासून आम्ही उजेडाच्या मागे फर्निचर ढकलत हिंडतो. जेवणाची टेबलं पलंगांत शिरली, पलंग ऑफिसच्या खुर्च्यांत. एवढ्या अवाढव्य दुकानात आता सगळा धंदा गल्ल्यापाशी दाटीवाटीने चालतो आणि उरलेला माल गिऱ्हाइकाला टॉर्चने दाखवतात. परवा एक आजोबा अंधारात पलंग बघता बघता झोपले. कुलूप लावताना घोरण्यावरून सापडले.

गिऱ्हाईक घटल्यावर सासरेबुवांनी कुठून तरी एक लांबलचक जुनी शिडी आणली. घरचा माणूस असताना गाडीला आणि वायरमनला पैसे कशाला? घरचा माणूस म्हणजे मी. साडूसाहेब, मला उंचीची भीती वाटते. चेष्टा नाही, खरोखर वाटते. निम्म्यावर पोचलो की मी डोळे मिटतो आणि शिडी लटपटायला लागते. खाली सासरेबुवा उभे असतात, पण त्यांनी शिडी धरलेली नसते, नवा दिवा धरलेला असतो. तो फुटला तर नुकसान. काल मला उतरताच येईना. छताच्या लोखंडी तुळईला मिठी मारून बसलो, आणि खाली माझी बायको रडत उभी होती. पुन्हा चढलात तर मी माहेराशी बोलणं सोडीन, असं तिने बजावलंय. ती बोलल्याप्रमाणे करते.

बाकी क्षेम. ताईंना नमस्कार सांगावा.

आपला,
धाकटा साडू

ता. क. आपण एवढंच करा. सासरेबुवांना फोन करून सांगा, की चढण्याउतरण्याचा खर्च धरला तर एलईडीच स्वस्त. कल्पना आपली म्हणूनच सांगा. माझी म्हटलं की ते पेपर उघडतात.

आणखी ता. क. दिलेला शब्द फिरवायला आपल्याला संकोच वाटेल, हे मी जाणतो. म्हणून थोडी सोय केली आहे. थोरल्या जावयांना उंचीची अजिबात भीती नाही, लहानपणी ते झाडावरच असायचे, असं मी सकाळी सासरेबुवांना सांगितलं. ते फार खूश झाले. आपण सुट्टीत येणार आहात, तोवर पलंगांच्या बाजूचे सगळे गेलेले दिवे त्यांनी आपल्यासाठी राखून ठेवले आहेत.