चुलीमागची खिडकी

४ फेब्रुवारी १९३६, मंगळवार

ही वही वहिनीनं दिवाळीला दिली. "भावजी, नुसतं हिंडता, हिंडल्यालं लिवून तरी ठेवा." बरं म्हटलं. आधी शाई नव्हती. शाई आणली तोवर सौंदत्तीच्या जत्रेला गेलो. आलो तर शाई वाळलेली. मग एका नाटक कंपनीचे पडदे ओढायला हुबळीला. असे तीन महिने. खोटं कशाला लिहू, आळस. आज शिसपेन्सिलीनं सुरुवात. कारण वहिनी घरात नाही आणि घर कसंतरीच लागतंय.

(वहिनीला पुढं नुसतं व. लिहिणार. बोटं दुखतात.)

झालं असं. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही, धुराडं नाही. एक दार, तेही माजघरात उघडणारं. व. चे डोळे सहा महिने गळत होते. डॉक्टर म्हणाला, धूर डोळे खातोय, असंच चाललं तर वर्षभरात सुईत दोरा ओवता येणार नाही. विणकराच्या घरातल्या बाईला तुटलेला धागाच दिसला नाही तर...

परवा तात्या, म्हणजे तिचे वडील, निपाणीहून आले आणि तिला घेऊन गेले. दारात म्हणाले, "खिडकी आन धुराडं झाल्याबिगर पोरगी धाडणार न्हाय. आन तवर मी बी ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार न्हाय." अण्णा, माझा थोरला भाऊ, मागावरून उठला नाही. धोटा फेकत बसला, इकडून तिकडं, तिकडून इकडं. ते गेल्यावर मला म्हणाला, "तुझं पाय रिकामंच हिंडत्यात. आता कचेरीत हिंडव."

आई म्हणते, "चाळीस वरसं मी त्याच धुरात भाकऱ्या भाजल्या. माझं डोळं गेलं का?" चुलीमागं आमचा म्हसोबा आहे, शेंदूर फासलेला गुडघ्याएवढा दगड. दर मंगळवारी त्याची पूजा. एवढं बोलून आईनं कुंकवाचं बोट म्हसोबाशेजारच्या मडक्याला लावलं.

मी गुपचूप मडकं पुसलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अर्ज घेऊन निघालो. गल्लीच्या तोंडाला एकानं न विचारता खिडकी पाडलेली, कचेरीनं बुजवायला लावली. तेव्हा आधी परवानगी. वाटेत तालमीत डोकावलो. कोल्हापूरचा एक पैलवान आलेला. मान अशी की रेड्यानं लाजावं. त्याला हौद्यात उतरताना बघून जाऊ म्हटलं.

कचेरी बंद झालेली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तालमीच्या गल्लीनं गेलोच नाही. आपलं शहापूर संस्थानचं, म्हणून कचेरीही संस्थानची. कारकुनांनी चष्म्यावरून बघितलं. "नकाशा कुठाय?" तिथंच अर्जाच्या पाठीवर काढला.

"हे स्वैपाकघर हाय का खुराडं? कोंबडी कशाला काढलीय?"

"ती तिथंच बसती."

सगळी कचेरी हसली. मीही. नकाशा नापास.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अण्णाचा लुगडी मोजायचा गज घेऊन सगळं नीट मापलं. चूल, भिंत, दार. म्हसोबाही काढला, खाली 'देव' लिहिलं. कोंबडी गाळली.

कारकुनांनी त्यांचा मोठा नकाशा उलगडला, माझा शेजारी ठेवला आणि दोन्हींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुमची मागची भिंत आमच्यात न्हाय."

म्हणजे? आमच्या मागचं शेत बेळगावच्या हद्दीतलं, इंग्रज सरकारचं. हे माहीत होतं. पण संस्थानची हद्द आमच्या भिंतीच्याही अलीकडंच संपते म्हणे. "धुराडं आमच्याकडं मागा. खिडकी तिकडं मागा."

एक स्वयंपाकघर, दोन राज्यं! घरी सांगितलं तर आई, "म्हंजे भाकरी हितं थापायची आन तिकडं जाऊन भाजायची व्हय?" अण्णाच्या मिशा हलल्या. हसला असावा. व. गेल्यापासून पहिल्यांदा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सोमवारी बेळगावच्या सरकारी कचेरीत गेलतो. तिथले कारकून कानडी. अर्ज बघितला, खण उघडला, आत ठेवला, म्हणाले, "नाळे बा." उद्या ये.

मंगळवारी, नाळे बा.

आज, नाळे बा.

बाहेर पडलो तर निपाणीची मोटार उभी. ड्रायव्हर ओळखीचा, जत्रेत एकाच झाडाखाली झोपलेलो. म्हणाला, "येतोस काय?" आता कुणी येतोस काय म्हटल्यावर मी...

२० फेब्रुवारी, गुरुवार. निपाणी

निपाणीत पाय ठेवला की आधी सात शिंका. तंबाखूच्या वखारी. आठवी येते का बघत उभा होतो तर मागून, "भावजी, शिंक मोजताय व्हय?"

व. च. डोळे पांढरे! म्हणजे माणसाचे असतात तसे. मी तिचे डोळे लालच बघितलेले, मला वाटायचं तसेच आहेत. रस्त्यापलीकडच्या चिंचेकडं बोट करून म्हणाली, "आलते तवा त्ये झाड म्हंजे हिरवा डाग दिसायचा. आता पानं येगळी दिसत्यात."

मग एकापाठोपाठ एक, सुताच्या कांड्या कोण भरतंय, आईंचं गुडघं कसं हाईत, म्हसोबाला कुंकू लावता का. अण्णाचं नाव नाही. मी मुद्दाम काही सांगितलं नाही. शेवटी शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी हातात देत म्हणाली, "ही... ही त्यांच्यासाठनं. आन सांगा, पाडव्याला आपली गुढी मीच उभी करणार."

मागून तात्या, "खिडकी झाली का, दत्तोबा?"

"अर्ज दिलाय."

"मग अर्जालाच भाकरी करून घाला म्हणावं."

पाडवा चोवीस मार्चला. मंगळवार. आज किती ता.? अरे देवा.

(परत येताना चटणी निम्मी खाल्ली. अण्णाला निम्मीच दिली. लिहून ठेवतो म्हणजे मनाला बरं.)

३ मार्च, मंगळवार

आजचा दिवस लिहायचाच. मशिरी लावत बसलेल्या शेजारणीनं सांगितलं, शेतात साखळी घेऊन माणसं आल्यात. पळालो.

दोन्ही कचेऱ्यांचे मोजणीदार एकदमच आलेले. संस्थानचे काटकुळे, हातात छत्री. सरकारचे गोल, हातात रुमाल, सारखा घाम पुसतात. मी त्यांची नावं छत्रीराव आणि घामराव ठेवलीत. हद्दीचा दगड शोधत होते. नकाशाप्रमाणं विहिरीपासून सरळ रेषेत असायला हवा. साखळी आमच्या भिंतीला येऊन थटली.

"आजून चार हात," छत्रीराव म्हणाले.

"आजून चार हात म्हंजे भिंतीत?" मी विचारलं.

"भिंतीच्या पल्याड."

मग पुढच्या दारानं, मागाशेजारून, माजघरातून सगळे स्वयंपाकघरात. आईनं नुकतीच पूजा आटोपलेली. नवा शेंदूर, वर भाकरीचा निवद. घामरावांनी सवयीनं बूट काढले, हात जोडले. आणि जोडलेले हात तसेच राहिले.

"बाई, हा आमचा दगड."

आई म्हणाली, "तुमचा कसा? माझ्या सासूनं पुजलाय."

"हद्दीचा दगड हाय. खाली आकडा असणार."

"हात लावू नका. मंगळवार हाय."

छत्रीराव खाली बसले, आईकडं बघितलं, आधी कान धरले आणि मग नखानं शेंदूर खरवडला. तीन पिढ्यांचा शेंदूर, पापुद्रे निघाले पत्र्यासारखे. खाली कोरलेला आकडा. स्वच्छ.

कळलं ते असं. पणजीच्या वेळी तो दगड उघड्यावर, बांधावर होता. तिनं बांधावरचा देव म्हणून नारळ फोडला असणार. आजोबांनी स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा देव उन्हात कशाला म्हणून भिंतीच्या आत घेतला. देवासकट हद्द.

आईनं बराच वेळ आकडा बघितला. मग पदर सावरला, म्हणाली, "आसू दे की आकडा. मोटारीला आसतो, देवाला न्हाय आसायचा?" आणि त्यावर कुंकू लावलं. ह्या वेळी बोट बरोबर पडलं.

४ मार्च, बुधवार

अण्णा सकाळपासून मधेच माग थांबवतो आणि एकटा हसतो. "तीन पिढ्या सरकारी चाकराला निवद दावतोय आपण!" पण हसून झालं की मागच्या भिंतीकडं बघत राहतो. घामराव जाताना म्हणालेत, हद्दीचा दगड घरात घेणं बरं नव्हं. चार हात स्वयंपाकघर मोडायलाही लावतील. खिडकी मागायला गेलो आणि भिंतच...

व. ला कळवायचं नाही असं ठरलं.

६ मार्च, शुक्रवार

दोन्हीकडं गेलो. कुठंही थांबलो नाही (गारुड्याजवळ थांबलो, पण थोडंच). दोघंही म्हणतात, आजोबांनी बांधलेलं, मोडायला कोण लावतंय? दगड हलवायचा नाही, आकडा झाकायचा नाही, एवढंच. आम्ही वर शिफारस करतो.

हुश्श!

पण छत्रीराव म्हणतात, आधी सरकारनं लिहून द्यावं. घामराव म्हणतात, आधी संस्थाननं. आधी सही केली तर हद्दीत आपण कमी पडलो असं दिसतं म्हणे. तीनदा ये-जा केली. शेवटी अण्णा म्हणाला, "दोघास्नी जेवायला बोलीव. मंगळवारी. देवाचं म्हणून सांग."

१० मार्च, मंगळवार

पोटात जागा नाही तरी लिहितो.

आई चाळीस वर्षं त्याच धुरात, वगैरे, तुम्हाला माहीतच आहे. तर सकाळी बघतो, आई न्हाणीमागची ओली लाकडं चुलीशी रचतीय.

"आये, वाळली ढीगभर हाईत की."

"गप रं. तुला स्वैपाकातलं काय कळतंय."

म्हसोबाच्या एका अंगाला छत्रीरावांचा पाट, दुसऱ्या अंगाला घामरावांचा. आपापल्या हद्दीत. पानात पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. आईनं चूल फुंकली आणि धूर उठला. असा धूर की मला माझा हात दिसेना. घामराव खोकायला लागले. छत्रीरावांच्या नाकाडोळ्यातून धारा.

"बाई, धूर! लई धूर झालाय!"

"कसला धूर?" आईचा आवाज, कुठून ते दिसत नव्हतं. "आमाला न्हाय बाई दिसत. आमची सून तेवढी म्हणायची. वाढू का आजून आमटी?"

"आवो, माणूस राहील कसं हितं?"

"तेच की. सून गेली म्हायेरी."

थोडा वेळ नुसता खोकला. मग घामराव म्हणाले, "आणा त्यो कागूद." छत्रीराव म्हणाले, "माझा बी आणा." म्हसोबासमोर पाटावरच कागद ठेवले, हळदीची बोटं लागली, सह्या झाल्या. आधी कुणी केली ते धुरात कुणालाच दिसलं नाही.

माजघरात येऊन दोघांनी तांब्याभर पाणी डोळ्यांवर मारलं आणि तिसरी पोळी तिथं उभ्यानं खाल्ली. ते गेल्यावर आई चुलीपुढं बसलेली, डोळे पुसत. "काय गं?" म्हटलं. म्हणाली, "खरंच की रं, लई धूर हाय." मग हळूच, "मला बी सासू कुठं जाऊ द्यायची म्हायेरी."

१७ मार्च, मंगळवार

संस्थानचं पत्र परवाच आलं. धुराडं झालं! गवंड्यानं कौलं काढली, वर विटांचं नळकांडं चढवलं. आईनं वाळली लाकडं घातली. धूर आधी बिचकला, खोलीभर फिरला, मग वाट सापडल्यासारखा सरळ वर. आम्ही सगळे रस्त्यात जाऊन बघत उभे. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. एक म्हणाली, "गिरणीच झाली की वो घराची!" आई ताठ उभी. म्हसोबाला शेंदूर लावला, आकडा तेवढा मोकळा सोडला.

खिडकी राहिली. सरकारचे वरचे साहेब दौऱ्यावर, सही त्यांचीच हवी. अण्णानं मागच्या भिंतीवर कोळशानं चौकोन काढलाय, दीड हात रुंद. जेवताना त्याच्याकडं तोंड करून बसतो. जणू आत्ताच पलीकडचं शेत दिसतंय.

२१ मार्च, शनिवार

मंगळवारी पाडवा. सकाळी बेळगावला जाऊन आलो. पैलवान नाही, गारुडी नाही, सरळ गेलो. कारकुनांनी मला बघून आज खुर्ची सरकवली. आता ओळख झालीय. घोटभर पाणी दिलं. "साहेब बंद मेले..." म्हणजे साहेब आल्यावर. कधी? हात वर केले. मग मीच म्हणालो, "नाळे बा." तेही हसले. म्हणाले, उद्या रविवार आहे बाबा.

घरी सांगितलं. अण्णा उठला, पहार घेऊन कोळशाच्या चौकोनापुढं उभा राहिला. पहार उचललीही. आई मध्ये आली. "न इचारता पाडलीस आन बुजवायला लावली, तर परत न्हाय उघडायची ती. मग सून कुठल्या तोंडानं आणशील?" अण्णानं पहार भिंतीला टेकवली. परत मागावर. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं.

निपाणीला पत्र लिहावं का, धुराडं झालंय, खिडकी होतीय, एवढ्यावर धाडा म्हणून? तात्या ऐकायचे नाहीत. तरी दोन ओळी लिहून बघतो. 'ती. तात्यांस, सा. न. वि. वि.' पुढं सुचेना, म्हणून इथं वहीत...

गल्लीत बैलांची घुंगरं. आई ओरडतीय, "दत्त्या, बघ रं कोन आलंय!"

बघून आलो. घाईत लिहितोय, अक्षर असंच येणार. तात्या! स्वतः. भुवया धुळीनं पांढऱ्या. निपाणीहून बैलगाडी हाकत आलेत, कारण मोटारवाला घेईना. गाडीत उभी बांधलेली खिडकीची सागवानी चौकट आहे, नवी कोरी, दोन झडपांची, दीड हात रुंद. माप कुणी दिलं? मी नाही. अण्णाकडं बघितलं तर त्यानं मान फिरवली.

"परवाना आला?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय आजून."

त्यांनी आमच्या कौलांवरच्या धुराकडं बराच वेळ मान वर करून बघितलं. "मंगळवारची पैली मोटार धरते म्हणतीया पोरगी. धरू द्यायची का न्हाय, त्ये आत बघून सांगतो." चपला काढल्यात. उंबऱ्यापाशी उभे आहेत, आत पाय टाकलेला नाही.

अण्णा त्यांना आत घ्यायला मागावरून उठला. धोटा धाग्यांत मधेच राहिलाय.

तात्यांना पाय धुवायला पाणी दे म्हणून मला हाका मारतायत. जातो.