सहाव्या खुर्चीवरील इसमाचे नाव कळविणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
टालोवा क्रीक राज्य कारागृह, अलाबामा.

विषय : वरीलप्रमाणे, तसेच अर्जदारास १९ तारखेच्या पॅरोल सुनावणीस हजर राहू देणेबाबत.
संदर्भ : आपला ४ नोव्हेंबरचा आदेश, "टोळीच्या म्होरक्याचे नाव सांगेपर्यंत एकांत कोठडी."

महोदय,

१. अर्जदार हॉरेस पेटवे, वय ६३, एकतीस वर्षांपासून येथेच. बारा गोऱ्या पंचांनी अकरा मिनिटांत दोषी ठरविले, त्यात पंचांचे पाणी पिणेही आले.

२. दर रविवारी आम्ही पाच काळे कैदी वाचनालयात आपल्या माणसांनी लिहिलेले एखादे पुस्तक वाचत असू. लेखक हयात नसल्यास त्याच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवून त्याच्याशी वाद घालावा, अशी आमची रीत. रॉस्को टिंडल तर खुर्चीला दरडावीत असे, "आजोबा, हे काही पटलं नाही बुवा. आता गप्प का?"

३. पहारेकऱ्याने खुर्च्या सहा व कैदी पाच मोजले. सहावा पळाला म्हणून भोंगा झाला. कुत्री खुर्ची हुंगून मत न देता परतली. शेजारच्या मेजावर चार गोरे कैदी सहा खुर्च्या घेऊन पत्ते खेळत होते. त्या दोन खुर्च्यांची चौकशी झाल्याचे ऐकिवात नाही.

४. सहावा म्हणजे टोळीचा म्होरक्या, असे धरून झालेल्या चौकशीत अर्जदाराने लेखकाचे नाव सांगितले. पत्ता विचारला असता, ते १९११ साली वारल्याचे सांगितले. "मेलेला माणूस खुर्ची कशाला अडवतो रे?" असे सार्जंटसाहेबांनी विचारले. प्रश्न रास्त आहे; आम्हीही त्यावर बरेच रविवार घालविले. शेरा मात्र पडला, "सहकार्य करीत नाही." पाचही जणांना कोठडी झाली.

५. टिंडलला दमा होता. त्याने औषध मागितले. "आधी नाव," असे उत्तर भिंतीपलीकडून अर्जदाराने ऐकले. १७ जानेवारीपासून त्याने काही मागितलेले नाही.

६. पंच काळ्या माणसाला अकरा मिनिटांत कसे ओळखतात, यावर टिंडलने अख्खी वही लिहिली होती. म्हणजे तो लेखक. आणि आता हयात नाही. रीतीप्रमाणे खुर्ची त्याची. तरी म्होरक्याचे नाव रॉस्को टिंडल असे नोंदवावे. पत्ता : कारागृहामागील दफनभूमी, ओळ तिसरी, क्रमांक २१२. आपण केव्हाही चौकशी करू शकता.

७. आदेशाची अट पुरी झाली. सुनावणीस अर्जदाराची आई बसने येणार आहे. वय ८४, पुढल्या वर्षीचे ती बोलत नाही. तिच्यासाठी एक खुर्ची मांडावी, आणि मोजताना चूक होऊ नये. ती हयात आहे.

आपला नम्र, व चार महिने एकटा,
हॉरेस पेटवे
९ मार्च १९८७

सोबत : काही नाही. वही आपल्याकडेच आहे.